पोटातलं पाणी

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की माझ्या पोटात दुखायला लागतं. हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही. परवा सकाळच्या पहिल्या फेरीला रिठदच्या अलीकडे खिडकीतून तो वास आत आला. वाळलेल्या शेंगांचा, कुटाराचा, मळणीयंत्रातून उडणाऱ्या धुरळ्याचा. घशात खवखवणारा वास आहे, त्यात सुंदर काही नाही. पण वासाबरोबर गेलं वर्ष आलं आणि गेल्या वर्षाबरोबर माझ्या बरोबरची कल्पना आली.

मी बसची कंडक्टर आहे. वाशीम ते रिसोड, रिठदवरून, दिवसाला चार फेऱ्या. कल्पनाही कंडक्टर आहे, वाशीमहून मानोऱ्याकडे, पुढे पोहरादेवीपर्यंत. आम्ही दोघी एकाच दिवशी रुजू झालो, एकाच बाकावर बसून प्रशिक्षण घेतलं, एकाच शिंप्याकडे खाकी शिवायला टाकली. शिंप्यानं तिची बरोबर बेतली आणि माझी खांद्यात आवळली. तेव्हापासून हे चालू आहे.

वर्षभरापासून तिच्याकडे नवी गाडी आहे. चाकांवर स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांच्या जागी हवेच्या पिशव्या असलेली. स्टँडवर ती माझ्या गाडीशेजारी लागते. दार उघडताना सुस्कारा टाकते. माझ्या गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि ते शिवी दिल्यासारखं उघडतं. कल्पना चालत्या गाडीत स्टीलच्या कपातून चहा पिते, हे मला तिच्याच ड्रायव्हरनं कौतुकानं सांगितलं. माझा विश्वास बसला नाही म्हणून संध्याकाळी हिशेबाच्या खिडकीपाशी मी तिच्या मागेच उभी राहिले आणि तिच्या खाकीवर चहाचा डाग शोधला. नव्हता. केसही सकाळी जसे बांधले होते तसेच. माझ्या केसांत तोवर अर्धं शिवार जमा झालेलं असतं.

हेवा लांबच्या माणसाचा होत नाही. विमानानं फिरणाऱ्या बायकांचा मला कधी हेवा वाटला नाही. त्यांनी खुशाल फिरावं. हेवा होतो तो एकाच बाकावर बसलेल्या बाईचा. जिच्या घरात तेच तिखट, तेच मीठ, तीच चूल, तरी जिची भाजी लोक मागून घेतात, तिचा. आणि ती बाई स्वभावानं वाईट असती तर निदान सोय झाली असती. कल्पना वाईट नाही. सगळा वांधा तिथेच आहे.

सोंगणीच्या दिवसांत गाडी वेगळीच असते. पहाटे मजूर बाया चढतात, लुगड्यावर नवऱ्याचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा, विळा फडक्यात गुंडाळलेला. विळ्याचं टोक दुसरीच्या मांडीला लागू नये म्हणून ते धरण्याची त्यांची एक रीत आहे, पातं आपल्या पोटाकडे करून. मी सुरुवातीला घाबरायची. आता मीच नव्या बाईला सांगते. स्टँडवर सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या असतात आणि परतीच्या फेरीला त्या उरलेल्या पाट्या माझ्या गाडीत येतात. रिठदला पोचेस्तोवर वरच्या सीताफळांचे डोळे फुटलेले असतात. बाई माझ्याकडे बघते, जणू मी ती हातानं दाबली.

एक गोष्ट बारा वर्षांत मला कुणी न शिकवता कळली आहे. भरली गाडी कमी उडते. रिकामी गाडी खड्ड्यातून खड्ड्यात डब्यातल्या फुटाण्यासारखी जाते. तीच गाडी खच्चून भरली की चाकांवरचे पाटे दबतात, गाडी जड म्हशीसारखी बसते आणि डुलत चालते. म्हणून सोंगणीच्या दिवसांत, वर्षातली सगळ्यात वाईट गर्दी असताना, माझी गाडी वर्षात सगळ्यात चांगली चालते. हे ज्ञान मी गेल्या वर्षी वापरलं. कशासाठी वापरलं ते आता सांगते.

गेल्या वर्षी याच दिवसांत एका अभियांत्रिकी कॉलेजातली ऋतुजा नावाची मुलगी आमच्या डेपोत आली. बसमधल्या प्रवाशाला किती आराम मिळतो, किती त्रास होतो, हे मोजायचं तिचं काम होतं. पाठीला पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोजकं. मला आवडली. पिशवीतून तिनं भाकरीएवढी काळी रबरी थाळी काढली. ती सीटवर ठेवायची आणि तिच्यावर माणूस बसवायचा. थाळीतून एक वायर निघून छोट्या पेटीत जात होती. मी विचारलं, गाडी किती हलते ते यात कळतं का. ती म्हणाली, गाडी किती हलते ते नाही, माणसापर्यंत किती पोचतं ते.

“आपण म्हणतो ना ताई, पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही. तेच मोजायचंय. किती हललं.”

तिनं मला बरंच समजावलं. मोठा हादरा एकदा बसला तर माणूस ओरडून मोकळा होतो, पण बारीक थरथर तासभर चालली तर कंबर संध्याकाळी बोलते. खालून वर येणारा धक्का पाठीला लागतो, आडवा मानेला लागतो, आणि गाडी पाळण्यासारखी सावकाश झुलली की पोट ढवळतं. प्रत्येकाची नोंद पेटी वेगवेगळी ठेवते. मी मान डोलावत होते, पण मनात म्हणत होते, पोरी, हे सगळं पेटीशिवाय इथं माहीत आहे. दुधाच्या कॅनवाला कुठं उभा राहतो ते बघ. लेकरू कुठल्या सीटवर झोपतं आणि कुठल्या सीटवर रडतं ते बघ. रिठदच्या अलीकडे नाल्यावर एक मोरी आहे. नेहमीचे प्रवासी बोलता बोलता तिच्याआधी दोन्ही हात सीटवर टेकतात, अंग अधांतरी धरतात, मोरी गेली की खाली बसून राहिलेलं वाक्य पुरं करतात. नवा माणूस तेवढा दाणकन आपटतो आणि सगळी गाडी ओळखते की हा पाहुणा आहे.

आणि सुभद्रामायकडे बघ.

सुभद्रामाय रिठदची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात सोंगणी, निंदण, वेचणी केली. आता कंबरेतले मणके झिजलेत. आठवड्यातून दोनदा वाशीमला कंबर शेकायला येते. ही बाई माझ्या गाडीत कधी बसत नाही. ड्रायव्हरच्या मागचा खांब दोन्ही हातांनी धरून, गुडघे जरा वाकवून, वाशीमपर्यंत उभी राहते. जागा रिकामी असली तरी. पहिल्यांदा मी रागावले होते, की माय, बस ना, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होते. ती म्हणाली होती की बसलं का धक्का सरळ माकडहाडातून डोक्सात जाते, उभं राह्यलं का गुडघे खाते थोडासा. हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं नसेल इतकं नीट. मी पुन्हा बस म्हटलं नाही.

ऋतुजा दोनच लाईनींवर मोजणी करणार होती, माझ्या आणि कल्पनाच्या. डेपोला नवी गाडी एकच येणार होती. मोजणी आणि प्रवाशांचं म्हणणं, दोन्ही बघून ती कुठल्या लाईनला द्यायची ते ठरणार होतं. एवढं ऋतुजानं सांगितलं, आणि मी ऐकलं ते असं, की ज्याचे मार्क जास्त त्याला गाडी. मला शंकासुद्धा आली नाही. शाळेपासून असंच बघितलंय. जास्त मार्कवाल्याला कंपासपेटी. डेपोत चांगल्या कंडक्टरचा सत्कार झाला तेव्हा नारळ आणि शाल कल्पनाला मिळाली होती, मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. जाऊन सरळ विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पण विचारलं असतं तर मला ती गाडी किती हवी आहे ते दिसलं असतं. मी विचारलं नाही. मी तयारीला लागले.

पहिल्यांदा गजाननभाऊंना गाठलं. गजाननभाऊ माझे ड्रायव्हर. हात चांगला, पण उशीर झाला की खड्डा बघत नाहीत. मी म्हटलं, चार दिवस गाडी फुलासारखी चालवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काहून वो ताई? आपल्या गाडीले पाहायले पाव्हणे येऊन राह्यले का?”

मी म्हटलं, हाव, तसंच समजा. मग त्यांनी खरंच गाडी मांडवातल्या नवरीसारखी चालवली. खड्ड्यापाशी गाडी जवळजवळ थांबायची, वाकून आत बघायची आणि हळूच पाय टाकायची. मागची गाडी हॉर्न देऊन थकायची. आम्ही चारही दिवस उशिरा पोचलो आणि त्याची कारणं मी सोंगणीच्या गर्दीवर ढकलली.

मग वजन. थाळी पुढच्या, मधल्या आणि मागच्या चाकावरच्या, अशा तीन सीटांवर आळीपाळीनं ठेवायची होती. मागच्या चाकावरची सीट म्हणजे शिक्षा. तिथं थाळी ठेवायची वेळ आली की मी मजूर बायांना मागं सरकवायची. पुढं जागा ठेवा, मागं चला, मागं चला. एकीवर एक बाया, वर गाठोडी, सीताफळाच्या पाट्या. पाटे दबले, गाडी बसली. पेटीतले आकडे बघून ऋतुजाच्या कपाळाला आठी पडली. म्हणाली, ही गाडी दिसते त्यापेक्षा बरीच चांगली आहे. मला ते माझंच कौतुक वाटलं. इतकं की त्या दिवशी घरी गेल्यावर मी नवऱ्याला न मागता दुसऱ्यांदा चहा दिला.

राहिले कागद. प्रत्येक प्रवाशाकडून एक कागद भरून घ्यायचा होता. सीट कशी, धक्के कसे, आवाज कसा, उभं राहताना तोल जातो का. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक प्रश्नापुढे पाच तोंडं काढलेली होती, एका टोकाला खदखदून हसणारं, दुसऱ्या टोकाला रडणारं. ऋतुजाला पेटी सोडून उठता येत नव्हतं. तिनं गठ्ठा माझ्या हातात दिला. कल्पनालाही तिच्या फेरीत तसाच दिला होता.

आता आमच्या माणसांची रीत सांगायला हवी. आमच्या इकडे सरकारी दिसणारा कागद समोर आला की तो कुणाच्या तरी नोकरीवर आलाय असंच माणूस धरून चालतो. पाच तोंडं बघून पहिल्याच बाईनं विचारलं की यातलं तुमचं तोंड कोणतं लावू. दुसरी म्हणाली, अवं, बाईची चौकशी लागली वाटते, हासरं लाव, हासरं. पाच मिनिटांत बातमी शेवटच्या सीटपर्यंत गेली. कंडक्टरबाईवर काहीतरी आलंय. माझ्याशी सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणारा एक म्हातारा होता, त्यानं सगळी हसरी तोंडं लावली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू माझ्या घरातलं कुणी गेलंय. मला एवढंच बोलायचं होतं की हा कागद माझा नाही, गाडीचा आहे. मी बोलले नाही. हसरी तोंडं वाढत होती. मी डोळ्यासमोर कल्पनाचा गठ्ठा धरून माझा मोजत होते.

सुभद्रामायचा कागद मीच भरला. ती खांबाला धरून उभी, मी शेजारी उभी. पहिला प्रश्न सीटचा. तिनं मला विचारलं, मी तं बसतच नाई, मंग काय सांगू. मी म्हटलं, बसत नाही म्हणजे सीटचा त्रास नाही ना. ती म्हणाली, सीटचा नाई. मी हसऱ्या तोंडावर खूण केली. पुढच्या प्रश्नांना मी विचारलंसुद्धा नाही, सरळ खालपर्यंत खुणा करत गेले. ती माझ्या पेनाकडे बघत होती. मला वाटलं, तिला वाचता येत नाही, तिला काय कळणार.

दिवाळी झाली आणि नवी गाडी मानोऱ्याच्या लाईनला लागली.

स्टँडवर गाडीला हार घातला होता. कल्पना पायरीवर उभी राहून पेढे वाटत होती. मी पेढा घेतला, तोंडात टाकला, तो जाईना. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझे मार्क किती आले गं. तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, “मार्क कायचे मंगला? लय खराब आली ना माही गाडी. म्हणून तं भेटली.”

जिथं माणसाला सगळ्यात जास्त हादरे बसतात तिथं नवी गाडी द्यायची, असं ठरलेलं होतं. तुला कुणी सांगितलं, मी विचारलं. ती म्हणाली, ऋतुजाले पुसलं म्या पहिल्याच दिवशी, तू नाई पुसलं का. मी म्हटलं, मलाही माहीत होतं. खोटं बोलताना पेढ्याचा उपयोग झाला, तोंड भरलेलं होतं.

पुढं मी जे ऐकलं ते जास्त लागलं. तिनं पहिल्याच फेरीत गाडी सुटायच्या आधी उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं की हा कागद माझा नाही, या गाडीचा आहे, मनात येईल ते बोला, माझ्याबद्दल बोलायचं असेल तर तेही बोला. आणि लोक बोलले होते. कुणी सीटला शिव्या दिल्या, कुणी खिडकीच्या काचेला, एकीनं सांगितलं की कंडक्टरबाई लय बडबड करते. कल्पनानं तेही लिहून घेतलं होतं. हे तिनं मला हसत सांगितलं. मला तिच्या गाडीचा हेवा होताच. त्या दिवशी तिच्या हसण्याचा वाटला. आपली माणसं आपल्याबद्दल काय बोलतील याची भीती नसलेली बाई कशी दिसते, ते मी पेढा चघळत बघत होते.

सोंगणी आटोपल्यावर माझी गाडी पुन्हा रिकामी धावू लागली आणि पुन्हा फुटाण्यासारखी उडू लागली. हिवाळ्यात लोखंड कडक होतं की काय कोण जाणे, धक्का जास्त टोचतो. सुभद्रामायनं एकदाच विचारलं, बाई, ती नवी गाडी आपल्याले काहून नाई भेटली. मी म्हटलं, वरून ठरतं माय ते. तिनं वर पाहिलं, गाडीच्या टपाकडे, आणि मग खिडकीबाहेर. पुन्हा विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं की प्रश्न मिटला. आता वाटतं की तिनं मला एक संधी दिली होती आणि मी ती न घेता तिकीट दिलं.

उन्हाळ्यात एकदा सुट्टीच्या दिवशी मी कल्पनाच्या गाडीतून मानोऱ्यापर्यंत गेले. मावसबहिणीकडे काम होतं असं घरी सांगितलं. काम नव्हतं. मी मागच्या चाकावरच्या सीटवर जाऊन बसले आणि वाट बघत राहिले. खड्डे दिसत होते, खिडकीतून स्पष्ट दिसत होते, पण खालून काही येईना. समोरची बाई मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन बसली होती, आणि पेंगत होती. मानोऱ्याला उतरताना कल्पना म्हणाली, काय वं, काही तरास नाई ना झाला. मी म्हटलं, एसी नाही यात.

आणि आता पुन्हा सोंगणी. गेल्या सोमवारी ऋतुजा पुन्हा आली. तीच पिशवी, तीच थाळी, बूट नवे. डेपोला आणखी एक गाडी मिळायची आहे. यंदा माझ्या लाईनची पुन्हा मोजणी आहे. आणखी दोन लाईनींचीही आहे. मी तिला पहिल्याच दिवशी गाठून गेल्या वर्षीचं सगळं सांगितलं. बायांना मागं कसं ढकललं, गाडी कशी चालवली, कागद कसे भरले. मला वाटलं, आता हे डेपोत जाणार. ती एवढंच म्हणाली की मागची मोजणी मग फेकून द्यावी लागेल, यंदा गाडी रोजच्यासारखी चालू द्या आणि परतीची रिकामी फेरीही मोजू. रागावली असती तर बरं झालं असतं.

गजाननभाऊंना मी म्हटलं, रोज चालवता तशी चालवा. त्यांना ते पटेना. मंग मीच खराब डायवर ठरीन, असं त्यांचं म्हणणं. अर्धा तास त्यात गेला. माणसांचं तर विचारू नका. गाडी सुटायच्या आधी मी उभी राहून सांगितलं की हा कागद माझा नाही, गाडीचा आहे. कुणी ऐकेना. नाई बाई, तुमी कायले घाबरता, आमी हाओत ना, म्हणत सगळे हसऱ्याच तोंडावर बोट ठेवायला लागले. मागच्या वर्षी त्यांनी माझी नोकरी वाचवली होती, यंदाही वाचवायचीच होती. खोटं एकदा चांगल्या मनानं शिकलं गेलं की ते काढणं अवघड. मी एकेकापाशी बसून विचारत होते, खरं सांगा, मोरीवर काय होतं. तेव्हा कुठं ते म्हणायचे, मोरीवर तं होतेच ना बाई, त्यात काय सांगाचं.

काल वाशीमहून परतीच्या फेरीला ऋतुजानं थाळी मागच्या चाकावर ठेवली. गाडीत दहा-बारा माणसं. त्या सीटवर बसायला कुणी तयार होईना. सगळ्यांना ती सीट माहीत आहे. मी तिकिटं देत पुढं होते. मागं वळून पाहिलं तर सुभद्रामाय खांब सोडून, एकेक सीट धरत मागं चालली होती. थाळीपाशी गेली, लुगडं सावरलं आणि बसली.

मी काय केलं ते लिहायलाच हवं. मी तिला उठवलं नाही. मी पेटीकडे पाहिलं. अशी म्हातारी, अशी कंबर, अशी सीट, रिकामी गाडी. आकडा किती येईल, हा माझा पहिला विचार. त्या आकड्यावर नवी गाडी येईल, ती स्टँडवर कल्पनाच्या गाडीशेजारी लागेल, हा दुसरा. सुभद्रामाय तिसरी आली, आणि तोवर एक थांबा गेला होता. तिनं पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळे मिटले होते. धक्का बसला की ओठ आत घ्यायची. आवाज काढत नव्हती.

मी मागं गेले. म्हटलं, उठ माय. तिनं डोळे उघडले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, उठ, तुला शेकून आलेलं सगळं वाया जाईल.

“बसू द्या बाई,” ती म्हणाली. “मांगच्या साली तुमी मले कागदावर हासवलं. यंदा रडू द्या.”

ऋतुजानं मान खाली घातली. तिला सगळं कळत होतं, कारण मीच सांगितलं होतं. सुभद्रामायच्या आवाजात राग नव्हता. मी दोरी ओढली. घंटी वाजली, गजाननभाऊंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिथं थांबा नव्हता. उभ्या गाडीत मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. ती हलकी होती, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप हलकी. तिला खांबापाशी उभं करून मी मागं आले आणि थाळीवर स्वतः बसले. बारा वर्षांत त्या सीटवर मी कधी बसले नव्हते.

गाडी निघाली. पहिल्या खड्ड्याला दात दातांवर आपटले. दुसऱ्याला कंबरेतून काहीतरी सरळ डोक्यापर्यंत गेलं, तिनं सांगितलं होतं अगदी तसं. मोरी आली तेव्हा हात टेकायचा मोह झाला, ऋतुजा म्हणाली, ताई, हात उचला, नाहीतर आकडा चुकेल. मी हात मांडीवर ठेवले आणि आपटले. पुढून सुभद्रामाय खांब धरून मागं वळून माझ्याकडे बघत होती. आपल्याला येत असलेलं काम दुसऱ्याला करताना बघावं तशी बघत होती.

रिठद दिसायला लागल्यावर मी ऋतुजाला विचारलं, किती आलं. तिनं आकडा सांगितला, त्यातून मला काही बोध झाला नाही. मग मी जे विचारायचं होतं ते विचारलं. कल्पनाच्या जुन्या गाडीपेक्षा जास्त आहे का.

“जास्त आहे. बरंच जास्त.”

मला बरं वाटलं. कंबर धरूनच मी सीटवरून उठले, दाराशी गेले, ते दोन्ही हातांनी ओढून उघडलं आणि सुभद्रामायला आधी उतरू दिलं.